चालू काळाला नाव नसतं

आमच्या समोरच्या फ्लॅटमधल्या सरांनी आयुष्यात एकही गोष्ट अखंड राहू दिली नाही. कॉलेजात जन्मभर इतिहास शिकवला. निवृत्तीनंतर कालखंड पाडायची सुरी तेवढी हातात उरली, ती ते सोसायटीवर चालवू लागले. लिफ्ट बसण्याआधीचं ते ‘जिनायुग’, नंतरचा ‘बिघाडकाळ’. घरातही तेच. ‘मिक्सरपूर्व चटणीला दर्जा होता,’ असं एकदा जेवताना म्हणाले, तेव्हा काकू शांतपणे म्हणाल्या, ‘अहो, पाटा-वरवंटा माळ्यावर आहे. काढा आणि करा पुनरुज्जीवन.’ सरांनी उरलेली चटणी निमूटपणे संपवली. गच्ची कधीपासून गळते, असा साधा प्रश्न सभेत निघाला, तर हे उठून म्हणतात, ‘आधी निकष ठरवा. नुसती ओल धरायची, की पहिला थेंब?’ सभा तिथंच संपली. गळती चालू आहे.

फसले ते एकदाच. नळाला सलग आठ दिवस पाणी आलं, तेव्हा त्यांनी सोसायटीच्या फलकावर सुवाच्य अक्षरात लिहिलं, ‘टँकरपर्व समाप्त’. दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकात टँकर उभा. खाली कुणीतरी ‘उत्तर-टँकरपर्वास प्रारंभ’ असं लिहून ठेवलं. तो मी होतो, हे त्यांना अजून माहीत नाही. तेव्हापासून सरांचा नियम झाला: काळ पुरता संपल्याशिवाय त्याला नाव द्यायचं नाही.

आम्हा दोन घरांत पेपर एकच. आधी सर वाचायचे, मग सव्वाआठला लाल पेन्सिलीच्या खुणांसकट तो माझा. घ्यायला गेलं की चहा आणि भांडण. अशी एकोणीस वर्षं गेली. गेल्या वर्षी मुलाच्या नोकरीपायी आम्ही हडपसरला निघालो. टेम्पो भरून झाल्यावर मी गमतीनं विचारलं, ‘सर, आता तरी आपल्या काळाला नाव द्या.’ त्यांनी बराच वेळ चष्मा पुसला. ‘अहो, संपलाय कुठे?’

पुढच्याच रविवारी, स्वारगेटला बस बदलून, आठवड्याचे सात पेपर बगलेत मारून स्वारी दारात हजर. मग दर रविवारी. मी शिळ्या बातम्या मन लावून वाचायचो आणि ते समोर बसून चहाला नावं ठेवायचे. खरं सांगायचं तर बातम्यांशी मला काही देणंघेणं नव्हतं, मला ते हवे होते. हल्ली त्यांचा गुडघा दुखतो. मागचे दोन रविवार आले नाहीत, आणि मीही आज जाऊ, उद्या जाऊ करत राहिलो.

काल त्यांचा फोन आला. ‘चौदा पेपर साठलेत,’ सर म्हणाले. आवाज जरा थकलेला वाटला. ‘येताय, की आपल्या काळाला आता...’

‘येतोय, सर,’ मी म्हणालो. पुढचं त्यांना बोलूच दिलं नाही.