यमुनाकाकूंचा पोळपाट

"पाय लावायचा?" यमुनाकाकूंनी विचारलं. "पोळपाटाला?"

दामलेनं आणि मी एकमेकांकडे पाहिलं. आमच्या ड्रॉइंगवर ते पेडल होतं. शिलाई मशीनसारखं, दाबलं की क्लॅम्प पोळपाट घट्ट धरणार. ताटाला चुकून पाय लागला तर नमस्कार करणारे आम्ही. पण हातात टी-स्क्वेअर आला की संस्कार बाजूला.

आम्ही इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो, म्हणजे सर्वज्ञ. कोपरीतल्या आमच्या खानावळीत काकू पोळ्या लाटायच्या. अर्धांगवायूनं त्यांचा डावा हात लुळा पडला. उजव्यानं लाटता यायचं, पण धरायला हात नसल्यानं पोळपाट स्वयंपाकघरभर फिरायचा. मालक अण्णांनी दुसरी बाई बघून ठेवली होती. महिनाअखेरीपर्यंत जमलं नाही तर काकूंनी गावी भावाकडे जायचं आणि भावजय वाढेल ते खायचं. कॉलेजचं प्रोजेक्ट म्हणून आम्ही हे परोपकारी काम घेतलं. दुसऱ्या बाईची पोळी आम्ही चाखली होती, हे रिपोर्टात लिहिलं नाही.

पहिला प्रोटोटाइप, म्हणजे चुका काढायला केलेला नमुना, लोखंडी अँगलचं कमरेइतकं उंच टेबल होतं. काकू जमिनीवर बसून लाटतात हे आम्ही दोन वर्षं रोज बघत होतो. काकू म्हणाल्या, यावर तुम्ही दोघं बसा, मी खालून वाढते.

दुसरा हा पेडलवाला. दामलेनं युक्तिवाद केला की विळीला पाय चालतो.

"विळीच्या पाटाला लावते रे. त्याच्यावर पोळी लाटत नाही मी."

महिना संपायला चार दिवस उरले. मी पुन्हा ड्रॉइंग पसरलं. त्यात काकूंची आकृती होती. डाव्या खांद्याखाली मी काहीच काढलं नव्हतं.

"माझा हात कुठाय?"

"तो काम करत नाही ना, काकू."

"नसेल करत. पण आहे ना? मेल्याला वजन तर आहे."

आम्ही पोळपाटाला डावीकडे एक फळी जोडली. काकूंनी उजव्या हातानं डावा उचलला आणि तिच्यावर ठेवला. पोळपाट जागचा हलला नाही. अण्णांनी पहिली पोळी उलटसुलट पाहिली, उभ्याउभ्याच खाल्ली आणि म्हणाले, "त्या बाईंना नको म्हणून कळवतो."

सरांनी पास होण्यापुरते मार्क दिले. यंत्रात हलणारा भागच नाही, ही त्यांची तक्रार रास्तच होती.

तेव्हापासून मी आधी माणसाला विचारतो, असं म्हणायला हवं. खरं तर अजूनही आधी ड्रॉइंगच काढतो. फक्त आता पेन्सिलीनं काढतो, आणि रबर समोरच्याच्या हातात देतो.