दोरीचं टोक

बंदर कचेरीच्या नोंदवहीत त्याचं वर्णन असं आहे: वय सत्तावन्न. धंदा देवमाशाची शिकार. हुद्दा भालेवाला. भाल्यावरची खूण तीन खाचा. नजर ठीक. वागणूक समाधानकारक. तंटेबखेडे: निरंक.

निरंक असायचेच. धक्क्यावरचे तंटे त्याच्याकडेच मिटवायला येत. समुद्रातला मासा कोणाचा, हे कायद्याच्या पुस्तकात नव्हतं. धक्क्याला तोंडपाठ होतं. ज्याचा भाला अंगात, त्याचा मासा. दोरी तुटून मासा पळाला आणि दहा कोसांवर वाहत लागला, तरी भालेवाल्याचाच. ज्याला सापडला त्याला फक्त जबडा. पण दोरी आपल्या हाताने कापली, तर हक्क सुटला. हे शेवटचं कलम त्याचं स्वतःचं. "नाहीतर जो तो दहा मासे टोचेल आणि घरी जाऊन झोपेल," असं म्हणून एका भांडणात त्याने तो निकाल दिला होता. तेव्हापासून लोक त्याला न्यायमूर्ती म्हणत. निम्मे चेष्टेने.

त्या मंगळवारी होडीत दोघंच: पुढे तो, मागे दोरीवर थोरला भाऊ. मासा लहान जातीचा, तरी होडीच्या दुप्पट. भाला बसला, मासा खाली गेला, आणि सुटत्या दोरीचा वेढा थोरल्याच्या पायात अडकून तो पाण्यात ओढला गेला. न्यायमूर्तींनी कुऱ्हाड उचलली. मासा गेला त्या पाण्याकडे पाहिलं, जरा जास्तच वेळ. मग दोरी कापली. थोरला हाती लागला तेव्हा त्याच्यात काही उरलं नव्हतं.

चौथ्या दिवशी शेजारच्या खाडीत मासा मरून लागला. अंगात तीन खाचांचा भाला, दोरी खडकांवर घासून चिंध्या झालेली. ज्याला सापडला तो म्हणाला, "न्यायमूर्तींच्या होडीतलं दोरीचं टोक दाखवा, मग बोलू."

दुपारी वहिनी खरबरीत दगड घेऊन आली.

"भावजी, टोक घासा. तुटल्यासारखं दिसेल."

"वहिनी, मी कापली ती."

"मला कळतंय. वर्षभराचं तेल आहे त्या माशात. पोरींनी काय तुमचा न्याय खायचा?"

त्याने दगड घेतला, दोनदा फिरवला आणि ठेवून दिला.

निवाडा करायला जाळ्यांच्या कोठारात धक्क्यावरचे म्हातारे जमले. टोक हातोहात फिरलं. एकाने विचारलं, "तुटली, की कापली?"

"कापली."

म्हातारे माना हलवत उठू लागले. वहिनी दारातच उभी होती.

"कापली ना? मग कधी कापली, भावजी? तेही सांगा."

त्याने टोक परत हातात घेतलं.

"मासा मोठा होता, वहिनी," तो म्हणाला.

मासा ज्याला सापडला त्याचा झाला. एरवी असं कोणी काही देत नाही, पण त्या माणसाने जबडा थोरल्याच्या घरी पाठवून दिला. नोंदवहीत काही भर पडली नाही. तंटेबखेडे अजून निरंकच आहेत.

दोघा भावांच्या लागून असलेल्या घरांच्या मधल्या दाराला वहिनीने तिच्या बाजूने खिळे ठोकले आहेत.