आवक नंबर पडल्याशिवाय

आमच्या आदिलाबादच्या ऑफिसात ईमेल मी आणला. हे मी अजूनही छाती ठोकून सांगतो. पुढे त्याचं काय झालं ते कोणी विचारू नये, एवढीच इच्छा असते.

ऑफिस शाळा चालवणाऱ्या एका संस्थेचं, मावला गावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर. माणसं सात, कॉम्प्युटर चार, मुख्य कार्यालय हैदराबादेत. मी तिथला कॉम्प्युटरवाला. चारही मशीन जोडली, संस्थेच्या नावाचा पत्ता घेतला आणि सातही जणांना आपापली मेलपेटी करून दिली. प्रत्येकाचा पासवर्ड चिठ्ठीवर लिहून, घडी घालून हातात दिला. पाच जणांनी तो मोठ्याने वाचून खात्री करून घेतली.

साहेबांना या सात पेट्या चार दिवसांत खुपायला लागल्या.

"अलग अलग काऊन पाह्यजे? आपल्या ऑफिसात काय चोरीचं काम चालू हाय?"

झालं. सहा पेट्या बंद, एक चालू. तिचा पासवर्ड म्हणजे संस्थेचं स्थापनेचं वर्ष. तेच वर्ष बाहेरच्या पाटीवर हातभर अक्षरांत रंगवलेलं होतं.

मग पद्धत ठरली. मेल आला की बडेबाबू, म्हणजे आमचे हेडक्लार्क, त्याची प्रिंट काढणार, गोल शिक्का मारणार, आवक रजिस्टरला चढवून नंबर टाकणार. साहेब कोपऱ्यात 'पाहिले' असं लिहून सही करणार. त्यानंतरच कागद ज्याचा त्याच्या हातात. उत्तराची तऱ्हा याहून थोर. साहेब तोंडी सांगणार, बाबू टाइप करणार, प्रिंट, सही, शिक्का, मग तोच कागद स्कॅन करून मेलला जोडायचा. मेलमध्ये एक अक्षर लिहायचं नाही. वरून हैदराबादला फोन: "मेल भेजे साब, मिला क्या?" आणि पाहुणे आले की त्या प्रिंटांच्या गठ्ठ्यावर चहाचा ग्लास ठेवून साहेब सांगणार, "आता आमचं ऑफिस पेपरलेस झालं." मला हसावं की डोकं आपटावं कळत नसे. सहा महिने मी मनातल्या मनात या माणसाची खिल्ली उडवत पगार घेतला.

आमच्यात एक ताई होत्या. आईवडील शेतमजूर, शिकल्या त्या एकट्या. नऊ वर्षं हंगामी क्लार्क. त्यांना कायम करायचा प्रस्ताव हैदराबादला गेला होता आणि कागदपत्रं तपासून घ्यायला तिकडे कधी जायचं ते मेलने कळणार होतं. रोज सकाळी माझ्या टेबलापाशी थांबून विचारायच्या, "दादा, आलं काय काई?"

मंगळवारी दुपारी तो मेल आला. व्यवस्था माझ्याकडे असल्यामुळे येणारा प्रत्येक मेल मला आधी दिसायचा. शुक्रवारी अकरा वाजता मूळ प्रमाणपत्रांसह हजर राहावे. न आल्यास पुढच्या उमेदवाराचा विचार होईल. साहेब भाच्याच्या लग्नाला बेल्लमपल्लीला गेले होते, शनिवारी येणार होते. बाबूंनी प्रिंट काढली, शिक्का मारला, नंबर टाकला आणि कागद पालथा करून साहेबांच्या टेबलावर ठेवला.

मी म्हटलं, "बाबू, हे ताईंना देऊन टाका ना."

"सायबाची सही नाही. तुमी काऊन घाई करून राह्यले?"

ताई चार पावलांवर बसल्या होत्या. मी उठून सांगू शकत होतो. नाही सांगितलं. मनात आलं, होऊ दे. एकदा या पद्धतीचं वाटोळं हैदराबादला दिसू दे. ताई दिसल्या नाहीत तर तिकडून फोन येईल, साहेबांची खरडपट्टी निघेल आणि माझ्या सात पेट्या परत सुरू होतील. बुधवारी ताईंनी विचारलं, मी नाही म्हणून मान हलवली. गुरुवारी त्यांनी विचारलं तेव्हा मी स्क्रीनकडे बघत होतो.

शुक्रवारी कोणाचाही फोन आला नाही. शनिवारी साहेबांनी 'पाहिले' लिहिलं आणि कागद ताईंच्या हातात पडला. सोमवारी जागा दुसऱ्या कोणाला दिल्याचा मेल आला. त्यालाही रीतसर आवक नंबर पडला. साहेब सगळ्यांदेखत म्हणाले, "इंटरनेट बंद होतं, आपण काय करणार?" असला निलाजरा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

संध्याकाळी पर्स खांद्याला लावून ताई माझ्या टेबलापाशी आल्या. शनिवारी मिळालेल्या कागदावरचा मंगळवारच्या तारखेचा शिक्का त्यांनी बोटाने दाखवला.

"दादा, तुमाले तर सगळ्याच्या आधी दिसते ना?"

"इंटरनेट बंद होतं, ताई," मी म्हणालो.