न झिजलेले टायर

टायर चांगले आहेत असं मी सांगितलं आणि ते चांगले नव्हते. त्यामुळे एका माळकऱ्यावर दारूचा आळ आला. तो आळ मला खोडता आला असता, पण मी गप्प बसलो.

तेव्हा मी बीडकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात वाहन विभाग सांभाळत होतो. दुष्काळात ऊसच उरला नव्हता. कारखाना काही हंगाम बंदच होता. आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये चेअरमनसाहेबांच्या मुलाची दोन सीटची लाल स्पोर्ट्स कार उभी असे. मुलगा परदेशी गेला तेव्हापासून ती तिथेच होती. आमचे जुने ड्रायव्हर, ज्यांना सगळे मामा म्हणत, ते अधूनमधून ती चालू करत, आवारात एक चक्कर मारत आणि परत ताडपत्री टाकत.

साहेबांच्या पुतण्याचं लग्न चौसाळ्याला ठरलं. नवरदेवाची मिरवणूक, म्हणजे आमच्याकडचा परण्या, याच गाडीतून काढायचा असं घरात ठरलं. लग्नाच्या सकाळी मामा माझ्याकडे आले.

“सायब, हिला आवाराभायेर कदी काढलीच न्हाई. टायर बघता का एकदा?”

मी टायरच्या नक्षीत खिळा घालून खोली पाहिली. “एक रेघ झिजली न्हाई, मामा. नवे कोरे हायत.”

“मंग बरं. आता हिच्यात बसायचं का झोपायचं, तेवढं सांगा.”

दोघंही हसलो. वरून मी टायरांना काळं पॉलिशही मारायला लावलं.

माझी नजर ऊस वाहणाऱ्या बैलगाड्यांवर तयार झालेली. त्या गाड्यांना ट्रकचे जुने टायर बसवतात. रबर किती का म्हातारं असेना, बैलांच्या चालीला ते पुरतं. फुटेपर्यंत टायर चांगलाच, असं आम्ही धरून चालायचो. वेगाने वळणारी गाडी रस्ता धरून ठेवते ती रबराच्या मऊपणावर, हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. त्या सकाळी ते मनातसुद्धा आलं नाही.

चौसाळ्याच्या अलीकडे एक वळण आहे. नुकताच एक पाण्याचा टँकर तिथून गळत गेला होता. ओल्या डांबरावर मामांनी ब्रेक दाबला आणि गाडी सरळ जाऊन बाभळीवर आदळली. नवरदेव अजून बसायचा होता, मामा एकटेच होते. त्यांचा पाय मोडला.

लोक जमेपर्यंत उन्हाने रस्ता कोरडा केला होता. मामा सांगत राहिले, “पानी व्हतं हो, गाडी घसरली.” असल्या दुष्काळात रस्त्यावर पाणी कुठून येणार? कोणीतरी हसून म्हणालं, “पानी रस्त्यावर व्हतं का पोटात?” ते वाक्य मामांच्या आधी त्यांच्या गावात पोहोचलं.

गाडी शेडमध्ये आणल्यावर मी टायरवरचं पॉलिश पुसलं. नक्षीच्या तळाशी बारीक भेगा होत्या. रबरात खिळा रुतेना, नुसता खरखरला. बाजूवर टायर बनल्याचं वर्ष छापलेलं असतं, ते पहिल्या कोरड्या वर्षाच्याही बरंच आधीचं होतं. इतके उन्हाळे त्या तापलेल्या पत्र्याखाली ते रबर वाळत पडलं होतं.

साहेबांनी विचारलं, “टायरचं काय?”

“नवेच होते, साहेब.”

“म्हणजे पिलेलाच होता.”

मी खाली पाहिलं. मामांचं काम गेलं. दुसऱ्या दिवशी मी ते टायर चारा छावणीवर पाठवले आणि कापून त्यांची वासरांना पाणी पाजायची भांडी करून टाकली.

नांदूरघाटकडच्या मामांच्या गावात दरवर्षी सप्ताह बसतो. सप्ताहात वीणा खाली ठेवत नाहीत, एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते. मामांच्या गळ्यात ती मग कोणी घातली नाही. ते मंडपाच्या कडेला काठी टेकून बसत आणि वीणेची पाळी त्यांना ओलांडून पुढे जाई. हे मला कळत होतं, आणि तरीही मी अनेक सप्ताह जाऊ दिले.

शेवटी एका वर्षी गेलो. काल्याचं कीर्तन संपून लोक पंगतीची वाट पाहत होते. मी मामांजवळ बसलो आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. त्यांनी गळ्यातल्या माळेचे मणी चाचपले.

“मला कावून सांगता? मला म्हाईतच हाय मी पिलो नव्हतो. त्यायला सांगा.”

मी उठून मंडपाच्या मधोमध उभा राहिलो. गलका थांबायला वेळ लागला.

“त्या दिवशी मामा पिलेले नव्हते. रस्ता ओला होता आणि टायर जुने होऊन दगडासारखे झाले होते. नवे आहेत असं मामांना मी सांगितलं होतं. खरं कळल्यावर ते टायर मीच कापून टाकले आणि तुमचं बोलणं ऐकत गप्प बसलो. मामा, मी तुमचं नाव घालवलं. मला माफ करा.”