लाखावरची एक वात

झाशीच्या ओरछा गेटातली चंपा माणसांना नावानं नाही, भागाकारानं ओळखायची. दूधवाला भैया तिच्या लेखी बारा, कुणातही वाटला जाणारा. मोठा दीर सतरा, त्याला कशानंच भाग जात नाही. शाळा चौथीत सुटली, आकडे सुटले नाहीत. ट्रकचा नंबर दिसला की बाई भर बड़ा बाज़ारात उभी राहून त्याचे तुकडे पाडायची. मागून सायकलवाला ओरडला, "अम्मा, हटो!" तर त्याचं हँडल धरून त्यालाच उत्तर ऐकवायची.

एकाहत्तरच्या चातुर्मासात राधाबाईंनी देवळात लक्षवातींचा संकल्प सोडला. कापसाच्या लाख वाती वळायच्या, कार्तिकात एकदम लावायच्या. पण नुसता लाख त्यांच्या तोऱ्याला पुरेना. शून्यावर संपणारं देवाला कसं द्यायचं? म्हणून भटजींकडून 'एक लक्ष एक' म्हणवून घेतलं. आदल्या वर्षी कुणी कमी वळल्या यावरून बायका हातघाईवर आल्या होत्या, तेव्हा यंदा नेमही घातला: प्रत्येकीच्या वाती अगदी सारख्या. इथली मराठी घरं ती किती! धुंडून धुंडून दहा सवाष्णी जमल्या, चंपा धरून.

चंपाची जाऊ शारदा नुकतीच विधवा झालेली. वीस वर्षं तिनं याच देवळात वाती वळल्या, आता तिला पायरीवरूनच परत पाठवलं. घरी येऊन ती रडली नाही. कापूस पिंजत बसली. बोटांना दुसरं काही सुचेना. चंपाला ते बघवेना. तिला हाताला धरून ती तडक देवळात आली.

"दहाजणींना दहा-दहा हजार. वरची एक कुणाची?"

"माझी," राधाबाई म्हणाल्या.

"मग सारख्या कुठल्या? नेम तुमचाच."

"बरं, नऊजणी करू."

"दोन उरतात."

"आठ!"

"विषम आकडा आठात कसा बसवता, मांडी घालून?"

"हद है! मग तूच सांग."

"एकाआड एक आकड्यांची बेरीज करा, दोन्हीकडे सारखी. म्हणजे अकरानं भाग जातो. अकराजणी, प्रत्येकी नऊ हजार एक्क्याण्णव. त्या नऊ हजार एक्क्याण्णवचे पुढे तुकडेच पडत नाहीत, मी डोकं फोडून बघितलंय. तेव्हा अकराजणी बसवा, नाहीतर एकट्या वळा, नाहीतर नऊ हजार एक्क्याण्णव बायका आणा. किंवा एक लाख एक, एकेक वात!"

"अकरावी मऊरानीपूरहून भाची आणते."

"ती परवाच बाळंत झाली. पेढे तुम्हीच वाटलेत."

राधाबाईंनी वामनभटजींकडे बघितलं. "सोडलेला संकल्प बदलत नाही," एवढं म्हणून ते घंटा पुसू लागले.

"बसू दे यंदा!" राधाबाई कडाडल्या. "पुढच्या वर्षी नुसता लाख. दहाच सवाष्णी!"

शारदा तोवर बसलीच होती. पहिली वात ताटात टाकत ती म्हणाली, "पुढच्या वर्षी दहाच्या दहा सवाष्णी राहतील, याची हमी कोण देतंय, राधावहिनी?"

मग सगळ्यांत धाकटी बकुळ सरकली आणि तिनं शारदाला चटईच्या मधोमध जागा करून दिली.

चंपाच्या वाती मात्र केरसुणीसारख्या. त्यातल्या निम्म्या शारदानं मोडून पुन्हा वळल्या. सारख्या वातींचा नेम तिथेच बोंबलला, आणि राधाबाईंनी त्याचा विषय काढला नाही.