घाईचा शिंपी

‘हेडलाँग’ या इंग्रजी शब्दाचे दोन अर्थ आहेत: डोके पुढे करून आणि मागचापुढचा विचार न करता. माझा शिंपी मित्र दोन्ही अर्थांनी जगतो. अर्धवट उघडलेल्या शटरवर रोज आधी त्याचे कपाळ आपटते. लोक मोजून कापतात, हा कापून मोजतो.

काल समोरच्या दवाखान्यातली नर्स कोट शिवून घ्यायला आली. महिनाभर हा तिच्यासाठी झुरत होता. खांद्याचे माप घेता घेता याने विचारले, “माझ्याशी लग्न कराल?”

मी दुकानातल्या बाकावर बसल्या बसल्या पेपर तोंडापुढे धरला.

“अहो, आधी बाही तरी मोजा,” ती म्हणाली.

याने बाही मोजली आणि लगेच विचारले, “आता?”

“आता दुसरी,” म्हणत तिने हसून स्वतःच हात पुढे केला.