फुगवलेला फोरकास्ट

सकाळी सव्वाअकराला लाइन थांबली. चेन्नईच्या या कारखान्यात आम्ही मोटारींच्या सीट बनवतो. सीट जखडणारं पत्र्याचं ब्रॅकेट संपलं होतं. ते मुत्तुवेल यांच्या अंबत्तूरच्या छोट्या प्रेसशॉपमधून येतं. अठ्ठावीस माणसं आणि गिऱ्हाईक एकच, आम्ही.

प्लॅनिंग माझ्याकडे. पुढच्या महिन्यात किती नग लागतील, तो अंदाज म्हणजे फोरकास्ट. तो मी माल पुरवणाऱ्या व्हेंडरला कळवायचो आणि माल कमी पडू नये म्हणून वाढवूनच कळवायचो. हजार हवे असले तर तेराशे. सगळेच तसं करतात.

त्या महिन्यात नवीन पोर्टल आलं. कार कंपनीचा खराखुरा आकडा थेट व्हेंडरला दिसू लागला. हा आकडा फुगवलेला नाही, हे मुत्तुवेलना सांगायला हवं होतं. पण मग आधीचे आकडे फुगवलेले होते, हेही कबूल करावं लागलं असतं. माझी जीभ रेटेना.

मी अंबत्तूर गाठलं. मोडक्यातोडक्या तमिळमध्ये विचारलं, "सर, पोर्टलवर आकडा होता. इतके कमी का केले?"

"अय्यो सर, तुम्ही तेराशे म्हणता तेव्हा मी हजारच करतो. पहिल्या वर्षी सगळे केले होते. उरलेले गंजले. या वेळचाही आकडा फुगवलेलाच समजून तसंच कापलं."

म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतलो तर मॅनेजर शंकरन सरांनी पत्र तयार ठेवलं होतं. व्हेंडर बंद.

"आकडा पोर्टलवर होता ना?"

"होता, सर. पण चूक माझी आहे." मी सगळं सांगितलं.

त्यांनी विचारलं, "मेलवर लिहून देशील?"

"देतो."

"मग या वर्षीचं प्रमोशन विसर."

मी लगेच लिहून दिलं. पत्र गेलं नाही. पण निम्मी ऑर्डर दुसऱ्या व्हेंडरकडे वळवली गेली आणि मुत्तुवेलनी अकरा माणसं कमी केली. त्यातले काहीजण मला नावानं ओळखत होते.

पोर्टल आकडा पोचवतं, पण त्याच्यावरचा भरवसा पोचवत नाही. म्हणून आता महिन्याच्या सुरुवातीला मी स्वतः फोन करतो. मुत्तुवेल ऐकून घेतात आणि विचारतात, "खरा ना, सर?" बारा वर्षांच्या ओळखीनंतर हा प्रश्न ऐकताना लाज वाटते. पण त्यांनी तो विचारायलाच हवा.